साडेपाचचा श्वास

भोयरजींना वेळ विचारायची नाही, हे आमच्या कार्यालयात नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. मला सांगायचं मात्र सगळे विसरले. रुजू झाले त्या सकाळी भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं होतं, म्हणून मी समोरून येणाऱ्या एका काळ्यासावळ्या, किडकिडीत गृहस्थांना किती वाजले म्हणून विचारलं. त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि गंभीरपणे सांगितलं, "पाच." बाहेर सकाळचे साडेदहा वाजत होते. नव्या नोकरीत पहिल्या दिवशी उलट प्रश्न करायचे नसतात, असं मला घरून बजावून पाठवलेलं होतं. मी मान डोलावली आणि टाइपरायटरची धूळ पुसायला लागले.

पुढे कळलं की भोयरजींच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ असते. जगभरच्या हवामान केंद्रांचं काम त्या एकाच वेळेवर चालतं. आपल्या संध्याकाळच्या साडेपाचला तिथे दुपारचे बारा होतात, आणि त्या घटकेला पृथ्वीवर जिथे जिथे तापमापक टांगलेला आहे तिथे तिथे कोणीतरी हातातलं काम टाकून तो वाचायला उठतो. कुठे तेव्हा नुकतं उजाडत असतं, कुठे बर्फ पडत असतो, कुठे समुद्रातल्या एखाद्या जहाजावर खलाशी डेकवर येतो. आमच्या इतर लोकांसाठी ही गोष्ट नियमांच्या पुस्तकात होती. भोयरजींनी ती मनगटावर बांधून घेतली होती.

"हे सगळ्याईची वेळ हाये, सबनीसबाई," ते मला म्हणाले होते. "तुमच्या घड्याळात फक्त आपल्या देशाची हाये."

या सगळ्यांच्या वेळेपायी एकदा फार गंमत झाली. भोयरजी मूळचे भिवापूरचे. धाकटा भाऊ तिथे मिरचीची शेती बघायचा आणि हे सुटीला एस.टी.ने उमरेडवरून घरी जायचे. एकदा उमरेडच्या स्टँडवर बस थांबलेली असताना शेजारच्या बाईने त्यांना वेळ विचारली. सकाळचे नऊ झाले होते. यांनी सवयीने सांगितलं, साडेतीन. बाई निघाली होती भाचीच्या लग्नाला. तिने तिथेच कपाळाला हात लावला, लग्न लागलं, जेवणं उठली, आता मी कोणत्या तोंडाने जाऊ, असं म्हणत रडू लागली. मग भोयरजींनी तिची समजूत घालण्यासाठी अख्ख्या बसला पृथ्वी कशी फिरते ते समजावून सांगितलं. तेव्हापासून त्या गाडीचा कंडक्टर त्यांना पाहिलं की तिकिटाआधी साहेबाच्या देशात किती वाजले ते विचारायचा, आणि हेही हिशेब करून सांगायचे.

आमचं कार्यालय म्हणजे नागपूर शहराच्या दक्षिण टोकाला असलेलं एक लहानसं हवामान केंद्र. आता ते नाही. आज मनीषनगराच्या बाजूला जिथे इमारतींची दाटी झाली आहे, तिथे तेव्हा तुरीची शेतं होती, चार बाभळी होत्या आणि मधोमध तारेचं कुंपण घातलेला हिरवळीचा चौकोन होता. त्या चौकोनात चार सिमेंटच्या पायांवर एक पांढरी, झडपांची लाकडी पेटी उभी असायची. तिच्या आत तापमापक. एकाहत्तरच्या लढाईच्या दोन-तीन वर्षं आधी मी तिथे टंकलेखिका म्हणून लागले. मी महाल या जुन्या वस्तीतली. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात इकडे आलं, आणि आमच्या घरात त्याबद्दल अजूनही कालपरवाच बिछायत उलगडल्यासारखं बोललं जातं. अशा घरातून निघून मी रोज सायकलने त्या माळावर जायचे. उन्हाळ्यात दुपारी खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या असायच्या. त्यांवर पाणी मारलं की खोलीत ओला, हिरवट अंधार व्हायचा आणि बाहेर पांढरी पेटी उन्हात तरंगत असायची. त्या गुंगीत मी कित्येक पत्रं चुकीची टाइप केली असतील.

भोयरजींचं दर्शन तसं साधं होतं. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खाकी पँट, पायात चपला, आणि शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली. डब्यात भाकरी आणि भिवापूरच्या मिरचीचा ठेचा. तो ठेचा ते शांतपणे खात, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येई. आकडे मात्र असे देखणे काढायचे की नोंदवही उघडली की पाहतच राहावं. एकही खाडाखोड नाही. त्यांचं अक्षर पाहून साहेबांनी एकदा त्यांना बढती देऊन मोठ्या कार्यालयात पाठवायचं ठरवलं होतं. यांनी नम्रपणे नकार दिला. एका जागी, एका हाताने, एका वेळेला वाचलेले आकडेच पुढे कामाचे असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. माणूस बदलला की डोळा बदलतो, डोळा बदलला की आकडा बदलतो.

आणि श्वास. भोयरजींची ओळख सांगायची तर ती श्वासाची. साडेपाचला दोन मिनिटं असताना ते पेटीपाशी जायचे. पेटीचं दार उत्तरेकडे असतं, म्हणजे उघडलं तरी ऊन आत जात नाही. दार उघडण्याआधी ते एक श्वास घेत आणि तो छातीत धरून ठेवत. वाकून, डोळा पाऱ्याच्या पातळीत आणून, आकडा वाचत, वहीत लिहीत, पुन्हा वाचून ताडून बघत. मग दार लावायचं, दोन पावलं मागे यायचं आणि तेव्हा कुठे श्वास सोडायचा. माणसाची फुंकर गरम असते, ती काचेला लागली की पारा सरकतो. नियमात एवढंच आहे की उगाच जवळ उभं राहू नये, झटपट वाचावं. भोयरजींनी त्याचं व्रत करून टाकलं होतं.

"आपली हवा त्याच्यात मिसळायची नाई," ते म्हणायचे. "हवेचं हवेले बोलू द्या."

मला त्या पेटीचं कुतूहल होतं, म्हणून कधीमधी ते मलाही सोबत नेत. पण माझा श्वास नेहमी त्यांच्या आधी सुटायचा. कधी हसू यायचं, कधी घाबरायला व्हायचं. मग ते माझ्याकडे न पाहता हाताने मागे हो म्हणून खुणावत. वीस वर्षांत मला एकदाही जमलं नाही, आणि त्यांनीही त्याबद्दल मला कधी माफ केलं नाही.

त्यांना एकच हौस होती आणि ती त्यांनी कोणापासून लपवली नव्हती. पलीकडचा माणूस पेटी उघडताना एकदा डोळ्यांनी बघायचा. पलीकडचा म्हणजे कोणताही. आपल्याबरोबर त्याच घटकेला वाकणारा, पण दुसऱ्या देशातला. केंद्रात एक बिनतारी यंत्र होतं. त्यावर गावोगावच्या नोंदी पाच-पाच आकड्यांच्या गटांत येत. आमच्या कामाचे आकडे लिहून झाले तरी भोयरजी कानाला लावलेला हेडफोन काढत नसत. ताश्कंद, काबूल, रंगून, लाहोर. जगाचा एक कोरा नकाशा त्यांनी खोलीत डकवला होता आणि ज्या गावाचा आकडा ऐकू येईल त्या गावाच्या गोलात तो पेन्सिलीने भरायचे. हे त्यांच्या नोकरीत बसत नव्हतं. खोलीत अंधार, बाहेर लूच्या झळा, आणि हे गृहस्थ कुठल्या कुठल्या गावांची थंडी लिहून घेत बसलेले. मी टाइप करताकरता थांबून बघत राहायचे आणि मला वाटायचं, भिंतीला एक खिडकी आहे आणि ती फक्त यांनाच दिसते.

लढाई सुरू झाली तेव्हा पलीकडचे आकडे यायचे थांबले. नकाशावर डावीकडे आणि उजवीकडे गोल रिकामे राहू लागले. भोयरजी रोज त्या वेळेला यंत्र लावून बसत, खरखर ऐकत आणि गोल तसेच कोरे ठेवून उठत. अंदाजाने भरायला त्यांना कोणी अडवलं नसतं, शेजारच्या गावांवरून अंदाज येतोच. साहेबांनी त्यांना दोनदा समजावलं की दिवस वाईट आहेत, लाहोरचं नाव भिंतीवर कशाला हवं. ते म्हणाले, तिकडलाही माणूस साडेपाचले पेटी उघडूनच राहिला असंन, त्याले फक्त सांगता येत नाई.

लढाई संपली आणि बऱ्याच दिवसांनी एका सकाळी ते कानाचा हेडफोन गळ्यात तसाच ठेवून बाहेर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की लाहोरात धुकं आहे. त्यांचा चेहरा असा झाला होता की घरचं कोणी दवाखान्यातून परत आलं असावं. त्यांनी स्वतः चहा मागवला. आमचे शिपाई रामटेके यांचा भाचा तेव्हा पंजाबच्या सरहद्दीवर होता. त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि न पिता निघून गेले. मला वाटलं, आता भोयरजींचं काही खरं नाही.

भोयरजींना ते लागलं. दुसऱ्या दिवशी ते रामटेक्यांच्या स्टुलाशेजारी जाऊन बसले आणि भाचा नेमका कुठे आहे ते विचारून घेतलं. त्या दिवसापासून रोज सकाळी ते रामटेक्यांना पठाणकोटचं तापमान सांगू लागले. आज थंडी जास्त आहे, आज आभाळ आहे, उद्या कमी होईल. पठाणकोट आणि लाहोर नकाशावर बोटभरसुद्धा दूर नाहीत, हे रामटेक्यांच्या आपोआपच ध्यानात आलं. एके सकाळी मी ऐकलं, रामटेके विचारत होते, "अन् पलीकडं किती हाये आज?" भोयरजींनी सांगितलं. मग दोघांनी चहा घेतला.

हेनिंग आला तो यानंतर काही वर्षांनी, मे महिन्यात. उत्तरेकडच्या एका थंड देशातला हा उंच, लालबुंद माणूस हवामानाचा अभ्यास करत आपल्या देशात फिरत होता. आमचं केंद्र त्याच्या यादीत कसं आलं कोण जाणे. साहेबांनी त्याला फिरवून दाखवलं, संत्र्याचं सरबत पाजलं. साडेपाचला सगळे पेटीकडे गेले. भोयरजी पुढे, त्यांच्यामागे हेनिंग. भोयरजींनी नेहमीप्रमाणे छातीत श्वास भरला आणि दार उघडलं, आणि मी पाहिलं की त्या पाहुण्यानेही त्याच क्षणी गाल फुगवून श्वास रोखला आहे. दोघांनी वाकून वाचलं. भोयरजींनी लिहिलं, पुन्हा ताडलं, दार लावलं. दोन पावलं मागे आले. मग दोघांनी एकदमच श्वास सोडला, एकमेकांकडे पाहिलं, आणि जे हसायला लागले ते थांबेचनात. एकाला मराठी येत नव्हतं, दुसऱ्याचं इंग्रजी नोंदवहीपुरतं. पण हेनिंगने छातीवर हात ठेवून खुणेने सांगितलं की आपणही गावी असंच करतो, आणि आपल्याला हे कोणीही शिकवलेलं नाही. भोयरजींनी त्याला आपला डबा दिला. ठेच्याचा पहिला घास घेतल्यावर त्या माणसाचा श्वास दुसऱ्यांदा रोखला गेला.

तेव्हापासून पत्रं सुरू झाली. भोयरजी मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत टाइप करायचे. पत्राच्या शेवटी दोघेही पत्र लिहिलं त्या दिवसाचा दुपारी बाराचा, म्हणजे सगळ्यांच्या बाराचा, आकडा लिहीत. यांचा उकळता, त्याचा गोठलेला. हेनिंग लिहायचा की त्याच्या गावच्या तळ्यावरचा बर्फ त्याच्या आजोबांच्या वहीत लिहिलाय त्यापेक्षा लवकर फुटतो. एका पत्रात त्याने समजावून सांगितलं की कोळशाच्या धुरातला वायू आभाळात जाऊन बसतो आणि ऊब धरून ठेवतो, आणि हे कोणा एका देशाला मोजून कळणार नाही. सगळ्यांच्या वह्या एका टेबलावर याव्या लागतील. ते पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. त्याच आठवड्यात ते भिवापूरला जाऊन आले होते, आणि उमरेडच्या खाणीवरून निघालेल्या कोळशाच्या ट्रकांमागे त्यांची बस तासभर रखडली होती.

"बाई, मी एक माणूस," ते म्हणाले. "माह्या फुंकरीनं पारा हलते म्हणून मी श्वास दाबून धरतो. अन् हे सारे मिळून फुंकून राहिले, त्याईले कोण सांगन?"

मी म्हणाले, तुम्ही सांगा. ते हसले आणि वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायला उठून गेले.

सांगायची वेळ खरोखरच आली, आठ-दहा वर्षांनी. पृथ्वी तापते आहे का, आणि तापत असेल तर सगळ्यांनी मिळून काय करायचं, यासाठी अनेक देशांचे लोक एकत्र बसणार होते. हेनिंग त्या समितीत होता. ज्या केंद्रांच्या नोंदी एकाच जागी, एकाच पद्धतीने, शक्यतो एकाच हाताने झाल्या आहेत, अशा थोड्या केंद्रांच्या वह्या त्यांना हव्या होत्या, आणि त्या लिहिणारी माणसंही. आमच्या केंद्राचं नाव होतं. सोबत भोयरजींचं. पत्र मीच फोडलं आणि उभ्याउभ्याच मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीत हेनिंगने हाताने लिहिलं होतं की बैठकीच्या जागेजवळ एक पेटी आहे आणि दुपारी बाराला आपण दोघं ती उघडू.

भोयरजींनी पासपोर्टसाठी फोटो काढून घेतला. कोट नव्हता. रामटेक्यांचा भाचा सैन्यातून परत आला होता, त्याचा आणला. भर मे महिन्यात लोकरीचा कोट घालून ते सीताबर्डीवर फोटो काढायला गेले, आणि फोटोत त्यांचा चेहरा श्वास रोखल्यासारखाच आला. मी त्यांना म्हटलं, आता तरी सोडा. त्यांना इतक्या आनंदात मी पुन्हा कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

पत्रासोबत एक फॉर्म होता. त्यात अखेरीस विचारलं होतं, की वहीतला प्रत्येक आकडा यंत्रावर पाहून तिथल्या तिथे लिहिला आहे ना, आणि एखाद्याबद्दल शंका असल्यास कळवावं. तो फॉर्म भोयरजींनी चार दिवस आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला. पाचव्या दिवशी माझ्या टेबलाशी आले. हातात वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण होतं. ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, त्यांच्या घरी फ्रेममध्ये लावलेलं असायचं, आज ते काढून आणलं होतं. मी नोकरीला लागायच्या आधीच्या एका मे महिन्यात आमच्या केंद्राने सर्वांत जास्त तापमान नोंदवलं होतं, त्याची ती बातमी. त्याच दिवशी त्यांची मुलगी जन्मली. तापमान नेहमी सावलीतलं मोजतात, म्हणून तिचं नाव त्यांनी छाया ठेवलं. छाया आता कॉलेजात होती आणि मी सगळ्यांत तापल्या दिवशी जन्मले, असं मैत्रिणींना ऐटीत सांगायची.

त्या संध्याकाळी काय झालं ते त्यांनी मला सांगितलं. साडेपाचला ते पेटीशी वाकले होते. दिवसभरात पारा कुठवर चढला होता ते दाखवणारा तापमापक त्यांनी वाचला. तो ताप मोजायच्या नळीसारखा असतो. पारा वर गेला की तिथेच थांबतो, वाचून झाल्यावर झटकून खाली आणावा लागतो. लिहायचं, ताडायचं आणि मगच झटकायचं. त्यांनी वाचला, आणि तेवढ्यात फाटकातून त्यांच्या मेहुण्याने ओरडून सांगितलं की मुलगी झाली. यांचा श्वास सुटला. हातात नळी होतीच, आनंदाच्या भरात ती झटकली गेली. मग वही उघडली तर डोक्यात दोन आकडे. एक लहान, एक त्याच्यापुढचा. मध्ये फक्त एका अंशाचा फरक. नळीत आता काहीच उरलं नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मले वाटलं, दिवस मोठा हाये तं आकडाही मोठाच असंन," ते म्हणाले. "मोठा लिहिला. खोटं नाई लिहिलं, बाई. पण पाहून नाई लिहिलं."

वीस वर्षं हे त्यांनी पोटात ठेवलं होतं. दर मे महिन्यात वर्तमानपत्र जुन्या विक्रमाची आठवण काढायचं आणि यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. ते ऐकून मला आधी राग आला, की सांगायचंच होतं तर आताच का. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि राग गेला. त्यांनी मला सगळं जसंच्या तसं टाइप करायला सांगितलं. मी दोनदा चुकले, तेव्हा त्यांनी कागद बदलून दिला.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी फॉर्म वाचला, दार लावून घेतलं आणि तासभर समजावलं. हा कागद गेला तर तुमचं जाणं रद्द होईल, केंद्राचं नाव कमी होईल, त्या दिवसाला आता साक्षीदार कोणी नाही. शेवटी वैतागून म्हणाले, अहो भोयर, एका अंशाने काही जग बुडत नाही.

"साहेब," भोयरजी म्हणाले, "तेच तं ते लोक विचारून राहिले ना. एका अंशानं बुडते का नाई."

साहेबांनी सही केली.

छायाला सांगणं त्यांना याहून जड गेलं. मी त्या रविवारी मुद्दाम त्यांच्या घरी गेले. भोयरजी रिकामी फ्रेम भिंतीवरून काढून मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी तिला सगळं सांगितलं, मान खाली घालून, एखाद्या पोराने मास्तरांना सांगावं तसं. छाया ऐकून घेत होती. तिला वाईट वाटलं, ते दिसलं. मग ती म्हणाली, "बाबा, लहान असो का मोठा, आई म्हणते उकडूनच राहिलं होतं." तिची आई आतून हसली. छायाने फ्रेम त्यांच्या मांडीवरून उचलली आणि कपाटात ठेवली.

उत्तर पावसाळ्यानंतर आलं. आमच्या वह्या घेतल्या होत्या, तेवढा एक आकडा वगळून. बैठकीला बोलवायच्या माणसांसाठी मात्र समितीचा नियम कडक होता, ज्यांच्या नोंदीत शंका नाही तेच. ती जागा दुसऱ्या केंद्राला गेली. हेनिंगने सोबत लांबलचक पत्र लिहिलं होतं, की तो यासाठी भांडला आणि हरला. मी ते वाचून दाखवलं. भोयरजींनी फक्त विचारलं की बाकीचे सगळे आकडे घेतले ना. घेतले, म्हटलं. मग झालं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी कोट इस्त्री करून त्यांनी रामटेक्यांकडे परत दिला. रामटेक्यांनी तो घेतला आणि त्यांच्याजवळ बसून राहिले. त्या दोघांना तसं बसलेलं पाहून मी टायपिंगच्या खोलीत जाऊन रडले, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पुढल्या वर्षी एक गुंडाळी आली. बैठकीत भिंतीवर लावलेला जगाचा छापील नकाशा. प्रत्येक केंद्राला एक ठिपका. आमच्या ठिपक्याशेजारी बारीक तारा होता आणि खाली खुलासा, एक नोंद निरीक्षकाने स्वतः मागे घेतली. एवढ्या मोठ्या नकाशावर तारा फक्त तोच. भोयरजींनी तो नकाशा घरी लावला, त्या फ्रेमच्या रिकाम्या खिळ्यावर. आल्यागेल्याला आधी लाहोर दाखवायचे, मग नागपूर.

ते निवृत्त होऊन भिवापूरला गेले, आणि त्यानंतर केंद्रही फार टिकलं नाही. शहर अंगावर आलं होतं. भिंती तापायच्या, डांबर तापायचं, आणि पेटीतला आकडा हवेचा की शेजारच्या गच्चीचा हे कळेनासं झालं होतं. पेटी उचलून नेली. माझी बदली झाली. भोयरजी गेल्याचं मला छायाच्या पत्रातून कळलं. पण माझ्या डोळ्यांसमोर ते येतात ते त्याआधीचे, शेवटच्या भेटीतले. भेट तरी कसं म्हणू.

केंद्र बंद होऊन वर्ष झालं असेल. माझ्या भावाला त्या बाजूला प्लॉट बघायचा होता, म्हणून मीही गेले. संध्याकाळ होती. शेतांच्या जागी चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, विटा रचल्या होत्या. भाऊ दलालाशी बोलत राहिला आणि मी सवयीने आमच्या चौकोनाकडे वळले. कुंपण नव्हतं. गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. पेटीचे चार सिमेंटचे पाय तेवढे उभे होते, आणि त्यांच्यासमोर भोयरजी. पेन्शनच्या कामाला भिवापूरहून आले असावेत, खांद्याला पिशवी होती. आधीपेक्षा बारीक झाले होते. त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ पाहिलं. पिशवी खाली ठेवली. उत्तरेच्या बाजूने जाऊन उभे राहिले आणि जिथे दार होतं तिथल्या मोकळ्या हवेपुढे थोडे वाकले. त्यांची छाती भरली आणि तशीच थांबली.

मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. ताश्कंदला, लाहोरला, हेनिंगच्या तळ्याकाठी, सगळीकडे त्या वेळी माणसं वाकलेली होती. मीही श्वास रोखून उभी राहिले, आणि या वेळी तो माझा आधी सुटला नाही.